हद्दीवरच्या दोन खुर्च्या

माझी ताई केस कापते. बायकांचे, पोरांचे, आणि गल्लीतले म्हातारे फारच गळ्यात पडले तर त्यांचेही. तिच्याबद्दल सांगायला बसले की मला बसवत नाही, उठून चकरा माराव्या लागतात. म्हणून तर ती मला भिंगरी म्हणते. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं, आणि शाळा तर मी नववीतच सोडली.

आधी आमचं दुकान कुठे आहे ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दोन शहरं आहेत. एक मोठं, त्याला सगळे थोरलं म्हणतात. दुसरं लहान, ते धाकटं. पूर्वी मधे नुसतं रान होतं म्हणे. मग थोरलं इकडे सरकलं, धाकटं तिकडे सरकलं, आणि दोघांची टक्कर झाली ती बरोबर आमच्या गल्लीत. गल्लीच्या मधोमध हद्द. डाव्या हाताची घरं थोरल्याची, उजव्या हाताची धाकट्याची. थोरल्याचा झाडूवाला डावी बाजू झाडतो आणि मधे आला की झाडू खांद्यावर टाकून परत. धाकट्याचा दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाडतो. मधली पानं कोणाचीच नाहीत. ती ताई झाडते.

गल्ली पुढे बंद होते, आणि जिथे बंद होते तिथेच आमचं दुकान. म्हणजे हद्द आली ती सरळ दुकानात शिरली. उंबऱ्याला हद्दीचा दगड आहे, अर्धा फरशीत गाडलेला, कितीतरी जणी त्याला ठेचकाळल्यात. आत एक लांब आरसा, समोर दोन खुर्च्या. डावी खुर्ची थोरल्यात, उजवी धाकट्यात. वीज एकाकडून, पाणी दुसऱ्याकडून. भावजी म्हणतात, "तुझी बहीण एकाच जागी उभी राहून परगावी जाऊन येते."

भावजी वायरमन आहेत. बोलतात कमी, पण बोलले की असं.

ताईनं हे दुकान काढलं तेव्हा मी तिच्या कमरेएवढी होते. आई गेलेली, बाबा त्याआधीच कुठे निघून गेलेले. ताई एका बाईच्या हाताखाली शिकली. आधी नुसतं केस झाडायची, मग धुवायची, मग एक दिवस त्या बाईच्या हाताला प्लास्टर आलं आणि ताईच्या हातात कात्री. तिथून तिनं मला वाढवलं. मी शाळा सोडते म्हटलं तेव्हा तिनं मारलं नाही, समजावलं नाही. म्हणाली, "ठीक. उद्यापासून टॉवेल तुझे." मी मधे तीन-चार ठिकाणी कामं करून पाहिली. सगळीकडे भांडले. आता डोकी धुते. डोकी धुताना भांडण होत नाही, कारण समोरचीचे डोळे मिटलेले असतात.

ताई कधी बसत नाही. गिऱ्हाईक नसलं तरी उभीच. राग आला की ओरडत नाही, गुणगुणते. तिचं गुणगुणणं सुरू झालं की भावजी बूट घालून बाहेर जातात.

आणि तिचा एक नियम आहे. खुर्चीतलं खुर्चीत. डोक्याला हात लागला की बायका बोलतात, ते काही थांबवता येत नाही. पण ते ऐकून दुसरीला सांगायचं नाही. गल्लीतल्या दोन जावा आहेत, वर्षानुवर्षं येतात. थोरली जाऊ येऊन धाकटीचं सगळं काढते, धाकटी येऊन थोरलीचं. त्याच खुर्चीत, त्याच टॉवेलात. ताई दोघींना "हं" म्हणते. एकीला म्हटलेला "हं" दुसरीला कधी कळला नाही. म्हणून तर दोघी अजून एका घरात नांदतात.

हा नियम मलाही लागू. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिनं, "इथलं काही बाहेर नेलंस तर तू माझी बहीण, पण या दुकानाची कोणी नाही." आता मी जे सांगतेय ते ज्यांचं आहे त्यांना विचारून सांगतेय. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर ताई गुणगुणायला लागेल.

तर दोन बाया.

एक थोरल्याच्या नगररचना ऑफिसातली मोठी बाई. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे घरं, हे सगळं नकाशावर ठरवणारी. उंच, शांत, जाड भिंगांचा चष्मा. तो काढला की तिला हाताची बोटंही दिसत नाहीत. तिला मी मनात चष्मा म्हणायचे. दुसरी धाकट्याच्या त्याच ऑफिसातली, त्याच कामाची. बुटकी, तुरुतुरु चालणारी. दारातून आत यायच्या आधी तिचं "लवकर कर गं" आत यायचं. ती घाई.

दोघी केसांना डाय लावायला यायच्या. आणि दोघी गुपचूप. चष्मा एकदा म्हणाली होती, "आमच्याकडे कुठे बसले तर दुसऱ्या दिवशी शिपाईसुद्धा माझ्या डोक्याकडे बघून बोलतो." घाईचंही तेच. आपल्या गावात कोणी बघायला नको म्हणून दोघी गावाच्या टोकाला यायच्या. आणि दोघींच्या गावांचं टोक एकच, आमचं दुकान. ताई दोघींना वेगवेगळ्या दिवशी बोलवायची. इतकी वर्षं एकीला दुसरीची सावली दिसू दिली नव्हती.

कारण दोघींचं एकमेकींशी बोलणं नव्हतं. खरं म्हणजे दोन्ही शहरांचंच नव्हतं. तशी एक संयुक्त समिती होती, दोन्ही गावांनी मिळून पुढचा विचार करावा म्हणून काढलेली. तिचा बोर्डही होता. पण बैठक कोणाच्या सभागृहात घ्यायची यावरून बिनसलं. थोरले म्हणाले, आमचं सभागृह मोठं. धाकटे म्हणाले, मागच्या वेळी तुम्ही आमच्या अध्यक्षांना खांबामागची खुर्ची दिलीत. झालं. तेव्हापासून समितीची बैठकच नाही. जो तो आपला नकाशा आपल्या घरी काढत बसला.

त्या दिवशी चष्मा खुश होती. मी तिचं डोकं धूत होते, ताई शेजारी टॉवेल घेऊन उभी.

"शेवटी कचऱ्याचं जमलं," चष्मा म्हणाली. "वर्षभर डोकं पिकलं होतं. अख्ख्या गावाचा कचरा टाकायचा कुठे? जिथे दाखवावं तिथले लोक अंगावर येतात. आता जागा मिळाली. अगदी टोकाला. कोणाला त्रास नाही."

"टोकाला म्हणजे कुठे, बाई?" ताईनं विचारलं.

"अगं, इथूनच जवळ. ते मैदान आहे ना मोकळं? तिथे. आमची हद्द तिथेच संपते."

माझा हात थांबला. ते मैदान म्हणजे आमच्या गल्लीच्या डाव्या घरांच्या मागचं. गल्लीतली सगळी पोरं तिथे. भाची माझी, छकुली, ताईची लेक, दुपारी जेवणाचा हातसुद्धा नीट न धुता तिकडे पळते.

"पाणी गार झालं का गं?" चष्मानं डोळे मिटूनच विचारलं.

"नाही बाई," मी म्हटलं, आणि एवढ्या जोरानं डोकं चोळलं की ताईनं माझ्या पायावर पाय दिला.

"पण ही गल्ली..." ताई म्हणाली.

"गल्ली धाकट्यात येते ना? आमच्या नकाशात हद्दीच्या पलीकडे पांढरंच असतं."

ताई "हं" म्हणाली.

ती गेल्यावर मी फुटलेच. "हं? हं काय? सांगायचं ना तिला, की निम्मी गल्ली तुझीच आहे बाई म्हणून!"

"तिला सांगितलं. तिनं ऐकलं नाही."

"तू सांगितलंच नाहीस! पण ही गल्ली, एवढंच म्हणालीस!"

"टॉवेल वाळत घाल," ताई म्हणाली.

मी टॉवेल घातले ते असे झटकून, की दोरी तुटायची राहिली.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पुढच्या आठवड्यात घाई आली. लवकर कर गं, लवकर कर गं. उजव्या खुर्चीत बसली आणि सुरू. "सुटले बाई एकदाची! कचऱ्याचा डेपो मार्गी लागला. ओढ्याकाठची जागा. एकदम बाहेर. नाकाला वास नाही, डोळ्याला दिसत नाही."

ओढा कुठे आहे? आमच्या गल्लीच्या उजव्या घरांच्या मागे.

मी आरशात ताईकडे पाहिलं. ताईनं आरशात माझ्याकडे पाहिलं. ब्रश घाईच्या डोक्यावर तसाच.

"आणि या गल्लीला?" ताईनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा.

"ही तर थोरल्याची ना? मोठं गाव ते, त्यांना काय कमी आहे. ते बघतील आपल्या लोकांचं."

म्हणजे बघा. डावीकडे थोरल्याचा कचरा, उजवीकडे धाकट्याचा, आणि मधे आम्ही. दोघींनी वाईट मनानं केलं नव्हतं. दोघींनी आपापल्या लोकांपासून लांब म्हणून केलं. पण एकाचं लांब म्हणजे दुसऱ्याचं जवळ, हे बघायला दोन्ही नकाशे शेजारी ठेवावे लागतात. आणि ते ठेवायला एक सभागृह लागतं, ज्यात खांब नाही.

त्या दिवशी दुकान बंद करताना आमचं कडाक्याचं झालं.

"सांग!" मी म्हटलं. "एकीला दुसरीचं सांग. एक फोन कर. बस."

"खुर्चीतलं खुर्चीत."

"आणि खुर्चीच राहिली नाही तर? दोन्ही बाजूला कचरा सडत असताना कोण येणार आहे इथे डोकं धुवायला? नाक धरून केस कापशील? छकुली कुठे खेळेल?"

"माहीत आहे मला छकुली कुठे खेळते. मी जन्म दिलाय तिला."

"मग?"

"मग काही नाही. लोक माझ्यासमोर डोकं वाकवून बसतात, भिंगरे. मान उघडी टाकून बसतात, आणि माझ्या हातात कात्री असते. ते का बसतात?"

मला उत्तर येत होतं, पण मी दिलं नाही. मी म्हटलं, "मी सांगते मग."

"सांग. आणि उद्या येऊ नकोस."

ती गुणगुणायला लागली. भावजींनी बूट घातले.

मी सांगितलं नाही. पण गप्पही बसले नाही, गप्प बसणं माझ्या अंगातच नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या माणसाला विचारलं, "आमच्या गल्लीमागे काय करणार आहात?"

"कुठली बाजू? डावी का उजवी?"

"दुकान मधोमध आहे."

"मधोमध असं काही नसतं. आधी ठरवून या."

"तुमच्याकडे असं विचारायला आलं की काय करतात?"

"प्लॅन झाला की बोर्डावर लागेल. मग हरकत घ्या."

"हरकत घेतली की बदलतो?"

त्यानं जरा विचार केला. प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, "मी तरी बदललेला बघितला नाही."

तिथून धाकट्याच्या ऑफिसात. तिथल्या खिडकीतली बाई म्हणाली, हे दोन गावांमधलं आहे, संयुक्त समितीकडे जा.

"समिती कुठे बसते?"

"सध्या बसत नाही."

"मग उभी आहे का?"

तिला राग आला. मला बाहेर काढलं. बाहेर बोर्ड होता, संयुक्त समितीचा. त्याच्याखाली कोणीतरी सायकल लावली होती.

घरी आले तर ताईनं विचारलंही नाही कुठे गेली होतीस. तिला कळलं असणार. ताट वाढलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "केस वाढलेत तुझे. बस, कापते." मी बसले. सगळं बोलले. खिडकीतला माणूस, सायकल, सगळं. ती "हं" म्हणत राहिली. मला त्या वेळी तिचा फार राग आला, आणि रडूही आलं, आणि मान उघडी टाकून मी तशीच बसून राहिले.

त्यानंतर कितीतरी दिवस ती गुणगुणत होती. कात्री चालवताना, चहा करताना, छकुलीची वेणी घालताना. छकुली म्हणाली, "आई, दुसरं गाणं म्हण ना." भावजींनी त्या दिवसांत एवढ्या चकरा मारल्या की त्यांच्या बुटांचे तळ गेले.

मग एका सकाळी तिचं गुणगुणणं बंद झालं. मी आले तेव्हा ती आरसा पुसत होती. दोन्ही खुर्च्या पुसून ठेवलेल्या. दोन वाट्या काढलेल्या डायच्या.

"दोन कशाला?" मी विचारलं. "आज तर चष्मा एकटीच."

"आज दोघी."

"ताई, चुकून एक वेळ दिलीस की काय?"

"चुकून नाही," ती म्हणाली. "आणि तू तोंड उघडायचं नाहीस. काहीही झालं तरी. तुझं तोंड म्हणजे माझंच तोंड आहे."

मला नाचावंसं वाटलं. पण तिचा चेहरा बघितला आणि पाय जागीच राहिले. एखाद्याची वस्तू त्याच्या नकळत उचलताना माणसाचा चेहरा होतो, तसा झाला होता.

चष्मा वेळेवर आली. डाव्या खुर्चीत बसली. चष्मा काढून ट्रेमधे ठेवला. ताईनं डाय लावला, वर प्लॅस्टिकची टोपी चढवली. आता ती डाय चढेपर्यंत कुठे जाणार? तेवढ्यात दारातून आवाज, "लवकर कर गं!" आणि मागून घाई, कानाला फोन लावून. शेजारी कोणी बसलंय एवढं तिनं बघितलं. टोपीखाली कोण ते कसं कळणार? आणि चष्मेवालीला तर आरसाच दिसत नव्हता.

घाईचा अर्धा डाय लागला तेव्हा फोन परत वाजला.

"हां बोल. कुठला कागद? डेपोचा? तो सहीला माझ्या टेबलावर ठेव. हो, ओढ्याकाठचाच. नाही, आता बदल नाही काही."

डाव्या खुर्चीतून आवाज आला, "ओढ्याकाठी डेपो?"

घाईनं फोन खाली केला. "तुम्ही कोण विचारणार?"

चष्मेवालीनं ट्रे चाचपला, चष्मा सापडला, तसाच टोपीवरून कानाला अडकवला. काड्यांना डाय लागला. दोघींनी आरशात एकमेकींकडे पाहिलं.

"तुम्ही?" घाई म्हणाली.

"तुम्हीसुद्धा?" चष्मा म्हणाली, आणि तिचे डोळे घाईच्या अर्ध्या पांढऱ्या डोक्यावर.

घाई उठायला लागली. ताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्ता धुतलं तर निम्मं काळं, निम्मं पांढरं राहील, बाई."

घाई बसली.

"मुद्दाम बसवलंय का हिनं आपल्याला?"

"दुकान मोठं आहे का तिचं?" चष्मा म्हणाली. "दोनच खुर्च्या आहेत. खांब तरी नाही मधे."

"खांबाचं तुम्ही काढूच नका! आमच्या अध्यक्षांची मान आखडली होती आठ दिवस."

"आणि तुमच्याकडे आलो तेव्हा पंखा होता का? आमचे लोक घामानं ओले होऊन परत आले."

"पंखा मागायचा होता!"

"मागून वारा घ्यायचा?"

मी हसले. ताईनं बघितलं. मी टॉवेल घड्या घालायला लागले, आधीच घातलेल्या.

मग चष्मा एकदम म्हणाली, "ओढ्याकाठी म्हणजे नक्की कुठे?"

"सांगून काय करणार?"

"सांगा तर."

घाईनं इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या फळीवरून ताईचा मोठा कंगवा उचलला, आडवा ठेवला. "ही हद्द." मग एक केसांचा चिमटा घेतला आणि कंगव्याच्या या अंगाला ठेवला. "हा आमचा डेपो."

चष्मेवालीनं दुसरा चिमटा घेतला. कंगव्याच्या त्या अंगाला ठेवला.

"हे काय?" घाईनं विचारलं.

"आमचा."

दोघी फळीकडे बघत राहिल्या. काळा कंगवा, दोन्ही बाजूंना चिकटून दोन चिमटे.

"इतक्या जवळ?" घाई म्हणाली. आवाज पहिल्यांदाच हळू. "मधे काय आहे?"

आता मला सांगा, कोण गप्प बसेल? मी म्हटलं, "मधे आम्ही आहोत!"

"भिंगरे, टॉवेल," ताई म्हणाली. पण उशीर झाला होता.

चष्मेवालीनं वळून ताईकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."

ताईनं ब्रश वाटीत ठेवला.

"मी तुला सांगितलं. हिनंही सांगितलं असणार."

"मी तुमचं त्यांना सांगितलं नाही," ताई म्हणाली, "आणि त्यांचं तुम्हाला नाही. पण एकत्र बसवलं ते मी. रागवा."

घाई रागावली. खूप बोलली. आम्ही विश्वासानं येतो, तू आम्हाला सापळ्यात धरलंस, आमचं डोकं तुझ्या हातात आणि तू असं. ताईनं सगळं ऐकलं, आणि ऐकता ऐकता तिचा उरलेला डाय पुरा केला, एक केस न सोडता. चष्मा नुसती काड्यांवरचा डाय पुसत राहिली. ते जास्त वाईट होतं. दोघींची डोकी मीच धुतली. दोघी केस ओले असतानाच गेल्या, एक आधी, एक मागून. उंबऱ्याच्या दगडाला घाई ठेचकाळली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"जमलं, ताई!" मी म्हटलं. "ताई, जमलं!"

"मी शब्द मोडला," ताई म्हणाली.

"एक अक्षर बोलली नाहीस तू!"

"न बोलता मोडला."

आणि ती बसली. खुर्चीत. मी तिला त्या खुर्चीत बसलेलं तोवर कधी पाहिलं नव्हतं.

पुढे काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणजे बाहेरून माहीत आहे. संयुक्त समितीची बैठक झाली. अग्निशमन केंद्राच्या शेडमधे झाली, कारण तिथले बंब दोन्ही गावांना जातात, तिथे कोणी पाहुणा नाही, कोणी यजमान नाही. मधे बंब उभा होता म्हणे, त्याच्या भोवतीनं खुर्च्या. बोर्डावर नवा कागद लागला. दोन्ही गावांचा मिळून एकच डेपो, लांब, एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत, वस्तीपासून दूर. मी दोन्ही गावांच्या बोर्डावर जाऊन वाचलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "बघा, बदलला." मी म्हटलं, "आता बघितलात ना."

गल्लीत आनंदीआनंद. आणि नाव कोणाचं झालं? कोपऱ्यावरच्या काकांचं! त्यांनी एकदा एक फलक लावला होता, आमच्यावर अन्याय नको म्हणून. वाऱ्यानं दुसऱ्या दिवशी पडला. पण लोक म्हणाले, काकांनी लढा दिला. काका हात वर करून फिरले. माझं डोकं भणभणलं. मी ताईला म्हटलं, "मी आता चौकात उभी राहून सांगणार आहे!"

"दोघींच्या डोक्याचं चौकात सांगणार?"

मी काकांच्या दारावरून जाताना दरवेळी जोरात चप्पल आपटायचे. तेवढंच करता आलं.

पण दोघी यायच्या बंद झाल्या. एकीची वेळ गेली, दुसरीची गेली. ताई त्या त्या दिवशी डायची वाटी धुऊन पुसून ठेवायची आणि परत आत ठेवायची. त्या वेळेला दुसरं कोणी घ्यायची नाही. मी म्हटलं, "अगं नाही येत तर नाही येत, आपली गल्ली वाचली ना?" ती म्हणाली, "वाचली." एवढंच.

आणि वाचली तरी पुरती कुठे वाचली? मैदानावर आणि ओढ्याकाठी आता काय करायचं, ते नव्या कागदावर लिहिलंच नव्हतं. नुसतं राखीव. कोणासाठी राखीव? थोरल्यात म्हणे तिथे ट्रक उभे करायचं चाललं होतं, धाकट्यात म्हणे गोदाम. छकुली रोज विचारायची, "मावशी, मैदान अजून आहे ना?" मी रोज जाऊन बघून यायचे, जसं काही कोणी खिशात घालून नेणार होतं.

काल दुपारी मी दुकानात केस झाडत होते. दारातून आवाज आला नाही. नुसती घाई आली. डोक्याला रुमाल. तो सोडला तर खाली बोटभर पांढरं. कोणाकडे गेली नव्हती म्हणजे इतके दिवस.

ती उजव्या खुर्चीत बसली. ताईनं टॉवेल घातला. मी झाडू हातात घेऊन उभी.

"ती येते का?" घाईनं विचारलं.

"इथे कोण येतं ते मी सांगत नाही," ताई म्हणाली.

घाई आरशात तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. "हं," म्हणाली. अगदी ताईसारखं. मग म्हणाली, "त्या शेडमधे काही बोलता येत नाही गं. सगळे बंबाकडे बघून भाषणं करतात. ते मैदान आणि ओढा एकत्र केला तर पोरांना केवढी जागा होईल. झाडं होतील. पण मी म्हटलं की ते नाही म्हणणार, ते म्हणाले की आम्ही. तिला एकदा... इथे..." ती थांबली. "तिची वेळ असेल तेव्हाच मला बोलाव. आधी बोलावलंस तशी."

मी झाडू टाकला. "बोलावते की! ताई, बोलाव ना!"

ताईनं मान हलवली. "आधी केलं तसं आता नाही, बाई. तिला विचारते. ती हो म्हणाली तर. नाही म्हणाली तर तुम्ही इथे आला होतात हेसुद्धा मी विसरले."

"आणि तिला काय सांगशील?"

"तुम्ही जेवढं सांगा म्हणाल तेवढं."

घाईनं विचार केला. तिला विचार करताना मी पहिल्यांदाच बघितलं. "सांग, चिमटे घेऊन वाट बघतेय."

ताईनं हात पुसले आणि फोन लावला. मी दारात गेले, परत आले, परत दारात गेले. "भिंगरे, उभी राहा," ती म्हणाली. मला उभं राहवेना. फोन वाजत होता, बाहेर ऐकू येईल एवढा. मग कोणीतरी उचलला. ताई बोलली, जेवढं सांगायचं होतं तेवढंच. मग ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेना. "हं," म्हणाली. परत "हं." मग फोन ठेवला.

"काय म्हणाली?" घाईनं विचारलं. तिच्याआधी मी विचारलं होतं.

ताई आरशाखालच्या कपाटाकडे वळली.

"भिंगरे," ती म्हणाली, "दुसरी वाटी काढ."